जिन्यातली पाटी

पुण्याजवळ, हिंजवडीला लागून असलेल्या मारुंजी रोडवर आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर सकाळी भाजीची हातगाडी लागते. आमच्या विंगमधल्या कोरियन बाई खाली उतरल्या की भाजीवाल्या मावशी गोणपाटाखालून लांब, पांढरेशुभ्र मुळे काढायच्या. ‘ताई, तुमचे बाजूला ठेवलेत.’ पहिल्या दिवशी बाईंनी मोबाइलवर फोटो दाखवला होता; पुढे फोटो लागला नाही. मावशी पाला मोडायला लागल्या की त्या हातानं थांबवायच्या. मुळ्याचा पाला त्यांच्याकडेही खातात हे कळल्यावर मावशी इतक्या खूश झाल्या, की दिवसभर येईल त्या गिऱ्हाइकाला तेच सांगत होत्या.

बाईंचे यजमान चाकणच्या पट्ट्यात एका कारखान्यात इंजिनिअर. करार तीन वर्षांचा, पण दुसऱ्या वर्षाअखेरीस कुटुंब परत गेलं. पगाराबद्दल तक्रार नव्हती. शाळेची बस लक्ष्मी चौकात तासतासभर अडकायची, मार्च लागला की पाण्याच्या टँकरची वाट पाहायची, आणि संध्याकाळी मुलाचं बोट धरून चार पावलं चालावं म्हटलं तर फूटपाथच नाही.

परदेशातली कुशल माणसं आपल्याकडे कशी येतील, या चर्चेत व्हिसा आणि पगारापलीकडे फारसं कुणी जात नाही. भारताच्या रोजगार व्हिसासाठी वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये पगाराची अट आहे. त्या अटीतून त्या-त्या देशाचं जेवण रांधणारे आचारी, दुभाषे आणि परकीय भाषांचे शिक्षक वगळलेले आहेत. मला हा अपवाद मूळ नियमाहून शहाणा वाटतो. माणूस एकटा येत नाही, त्याची चव आणि त्याची भाषाही बरोबर येते, हे त्यात कुणीतरी ओळखलेलं आहे. मोटार कंपन्यांनाही ते लवकर उमगलं. मर्सिडीज-बेंझच्या नावानं इथे आंतरराष्ट्रीय शाळा सुरू झाली ती १९९८ मध्ये. हिंजवडीतली ती शाळा आज महिंद्रांच्या नावानं चालते. इंजिनिअर टिकायचा तर आधी त्याच्या मुलाला वर्ग हवा.

पण शाळा कंपनी काढू शकते. रस्ता, पाणी आणि शेजार ती कुठून आणणार? मारुंजीला ग्रामपंचायत आहे, वर पीएमआरडीए हे विकास प्राधिकरण आहे, शेजारी आयटी पार्कापुरती एमआयडीसी आहे आणि वेशीवर पिंपरी-चिंचवड महापालिका. चौघांच्या हद्दी जिथे भिडतात तिथेच खड्डा असतो. माण ते शिवाजीनगर मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. त्यानंतर तीन वर्षांच्या करारावर आलेली कुटुंबं करार संपवून मायदेशी गेली, तरी त्यांना तिचं तिकीट काढता आलं नाही.

माझा भाचा याच मारुंजीत वाढला. आता तो श्टुटगार्टला असतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला तो श्टुटगार्ट ज्यात येतं त्याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी. भाचा मात्र त्याआधीच गेलेला. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याला, म्हणजे कुशल परदेशी नोकरदाराला, बी-वन पातळीपर्यंत जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. मला वाटलं, तो रमला ते त्यामुळे. त्यानं कारण दिलं ते वेगळंच. त्या भागात जुनी रीत आहे, ‘केरवोखे’. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी पाळीपाळीनं आठवडाभर जिना झाडायचा; ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी येते. ‘मामा, पाटी पहिल्यांदा माझ्या दाराला लागली ना, तेव्हा वाटलं, आपल्याला धरलं यांनी हिशेबात.’

हे ऐकल्यापासून आमच्या जिन्यातल्या नावांच्या फळ्याकडे पाहिलं की मला लाज वाटते. आपल्या कायद्यानं परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत घरमालकानं फॉर्म भरून त्याची माहिती सरकारकडे द्यायची असते. म्हणजे त्या कोरियन कुटुंबाचं नाव एका दिवसात सरकारदरबारी पोचलं, आणि दोन वर्षांत आमच्या फळ्यावर आलं नाही. फळ्यावर मालकाचं नाव, मालक दुबईत. सभेत भाडेकरूला मत नाही, पार्किंगमध्ये शेवटची जागा, गणपतीच्या वर्गणीला मात्र पहिली बेल.

आणि यात फक्त परदेशी भरडले जात नाहीत. चौथ्या मजल्यावरचा लातूरचा मुलगा सहा वर्षं इथे आहे, उत्तम कोड लिहितो, आणि आता बंगळुरूची नोकरी शोधतो आहे. त्याचंही नाव फळ्यावर नाही. कोरियन बाई जे मागत होत्या त्याहून वेगळं तो काय मागतो? टँकरविना पाणी, चालता येईल असा रस्ता, आणि नावानं हाक मारणारा शेजारी. लातूरच्या पोराला जे देता येत नाही ते सोलच्या इंजिनिअरला देऊ, हा विचारच मला पटत नाही.

गेल्या सभेत मी ठराव मांडला, की घरात जो राहतो त्याचं नाव फळ्यावर हवं, मालकाचं खाली बारीक अक्षरात चालेल. बराच वाद झाला. कायदेशीर सल्ला घेऊ, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर मुळे दिसले, तेच लांब पांढरे. मावशी म्हणाल्या, ‘सी विंगला जपानची नवीन ताई आलीय. तिला फोटो दाखवायला लागू नये म्हणून आणलेत.’