गळ, मासा आणि पहिले शील



विहारातील रविवारच्या वर्गात पंचशील समजावून सांगत असता एका मुलाने मला विचारले, "सर, मासा गळाने धरला आणि जिवंतच परत पाण्यात सोडला, तर शील मोडते का?" त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. पुढे विचार केला तो आपल्यापुढे ठेवीत आहे.

मुलाला हा प्रश्न का पडला, हे मावळात राहणाऱ्यास सांगावयास नको. पवना धरणाच्या काठी आज शहरवासीयांचे तंबू पडतात, छोट्या होड्या वल्हवल्या जातात, हौशी माणसे गळ टाकून बसतात. गळाच्या शौकिनांत सर्वांत मान महाशीर माशाला. दख्खनच्या या माशाची नोंद साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली केली. गळाला लागला की तो जिवाच्या आकांताने झुंजतो. ती झुंज हाच या लोकांचा खेळ. मासा थकला की ओढून घ्यावयाचा, छायाचित्र काढावयाचे आणि सोडून द्यावयाचा. खेळणारा म्हणतो, "मी जीव घेतला नाही, मग हिंसा कोठे झाली?"

उदान ग्रंथात एक प्रसंग आहे. श्रावस्ती आणि जेतवन यांच्या दरम्यान काही मुले मासे धरून त्यांना छळीत होती. तथागतांनी मुलांना विचारले, तुम्हाला दुःखाची भीती वाटते काय? दुःख तुम्हाला अप्रिय आहे काय? मुले होय म्हणाली. तेव्हा, दुःख नको असेल तर उघडपणे वा चोरून पापकर्म करू नका, असा उपदेश तथागतांनी केला. मासे मेले की जगले, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. ध्यानात घ्या, प्रश्न दुःखाचा होता.

मग ज्यांच्या चुलीवर सुकट-बोंबील शिजतात ते आपण सारे शीलभ्रष्ट काय? नाही. भिक्खूंनी मासे-मांस वर्ज्य करावे, ही देवदत्ताची मागणी तथागतांनी फेटाळली होती. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हत्या करण्याची गरज आणि हत्या करण्याची इच्छा यांत भेद केला आहे. पहिल्या पावसात वळगणीचे मासे धरणारा आमचा कातकरी बांधव पोरांच्या पोटासाठी पाण्यात उतरतो. ती गरज होय. मात्र गरजेच्या नावावर डोहात सुरुंग उडवून वा विष कालवून पिलांसकट सारे मारणे, ही गरज नव्हे. आणि गळाच्या शौकिनाला तर गरज मुळीच नाही. मारण्याची इच्छा त्याला नाही, हे मान्य. पण दुसऱ्याच्या तडफडीतून आनंद घेण्याची इच्छा आहे. शील मोडते ते तेथे.

शौकीन म्हणेल, "आमच्यासारख्यांमुळेच हा मासा टिकला." यात तथ्य नाही असे नाही. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशीरची अंडी उबवून पिले वाढविली आणि अनेक राज्यांना दिली. हे काम मोलाचे आहे. पण लोणावळ्याची हीच पिले कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली, आणि शौकिनांना मासा मिळावा हाही त्यामागे हेतू होता. कावेरीचा मूळचा कुबडा महाशीर २०१८ साली अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदविला गेला. त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत या पाहुण्या माशालाही संशोधक गणतात. प्रज्ञेवाचून केलेली दया अशी उलटते. म्हणून बाबासाहेबांनी प्रज्ञा आणि करुणा यांची फारकत होऊ दिली नाही.

दुसरी एक खोटी दया आपल्या पूर्वजांनी भोगली आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, माणसाला होता. तो मोडण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. जनावराला पाणी पाजून माणसाला तहानेला ठेवणारी अहिंसा आपली नव्हे. पण म्हणून माणसापुरतीच करुणा ठेवून भागणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या २२ प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या करमणुकीचा विषय केले गेले, त्यांनी तरी मुक्या जिवाची तडफड करमणूक मानू नये.

त्या मुलाला मी आता सांगेन : बाळ, मासा पाण्यात परत गेला, पण तू कोठे परतलास? गळ टाकण्यापूर्वी स्वतःच्या मनाला विचार, मला भूक आहे की गंमत हवी आहे? भूक असेल तर लागेल तेवढेच घे. गंमत हवी असेल तर गळ घरी ठेव आणि इंद्रायणीच्या काठी नुसता बसून पाहा. मासा उडी मारताना दिसला तर आनंद होईलच. त्या आनंदासाठी कोणाच्याही जबड्यात काटा रुतवावा लागत नाही.