ठरून गेलेल्याचा नवस

ताई सहकारी बँकेत रोखपाल होती, मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे. तिच्या स्तनातली गाठ हर-टू पॉझिटिव्ह प्रकारच्या कॅन्सरची निघाली, तेव्हा आधी केमो आणि ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शनं, मग ऑपरेशन, असा क्रम ठरला. शेवटची केमो झाली आहे, ऑपरेशन तीन आठवड्यांवर आहे. एमआरआयमध्ये गाठ दिसत नाही. पण सर्जन म्हणाले, दिसत नाही म्हणजे नाहीच असं धरू नका. स्तनातला आणि काखेतला काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली गेल्याशिवाय काही सांगता येणार नाही. हे मधले दिवस कसे काढायचे यावर आम्ही बोलत होतो, आणि तिने ज्योतिबाला बोललेल्या नवसापाशी अडकलो.

मी : नवस करू नकोस असं मी म्हणत नाही. पण मागतेस काय ते तरी बघ. औषधाने जे करायचं ते करून झालंय. पेशी मेल्या असतील तर मेल्यात, उरल्या असतील तर उरल्यात. ऑपरेशनने काही ठरणार नाही, फक्त कळणार आहे. मग ज्योतिबाने करायचं काय?

ताई : संध्याकाळी कॅश मोजायला बसले की ड्रॉवरमध्ये जे असायचं ते असायचंच. पाचशेची नोट कुणाला जास्त गेली असेल तर ती दुपारीच गेलेली. तरी मोजताना देवाचं नाव तोंडात यायचं. तू म्हणतोस ते मला कळतं रे. ते कळूनही पोटातला गोळा का जात नाही, ते सांग.

मी : कारण निकाल अजून वळवता येईल असं तुला आतून वाटतं. ज्यू परंपरेत अशा प्रार्थनेला व्यर्थ म्हटलंय. गावात शिरताना आक्रोश ऐकू आला, तर ‘माझ्या घरातला नसो’ असं म्हणू नये. ज्याच्या घरातला असेल त्याच्या घरात तो उठलेलाच आहे. मायकेल डमेट नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६४ साली यावरच निबंध लिहिला. जहाज दोन तासांपूर्वी बुडालंय, काही जण वाचलेत, मुलगा त्या जहाजावर होता, आणि बाप आता प्रार्थना करतोय.

ताई : करू नये म्हणाला?

मी : नाही. त्याला त्यात काही वेडेपणा दिसला नाही. देवाला पुढचं कळत असेल, तर हा बाप नंतर मागणार आहे हे जहाज बुडतानाच त्याला ठाऊक असणार.

ताई : मग इंग्रजाच्या देवाला जमतं ते ज्योतिबाला का जमू नये?

मी : जमेल. पण उद्या काही उरलेलं निघालं, तर नवसात माझंच कमी पडलं म्हणून तूच रडशील.

ताई : मी काय बोललेय ते तू विचारलंच नाहीस. डोंगर पायी चढून गुलाल-खोबरं उधळीन, असं बोललेय. म्हणजे त्या दिवशी माझे पाय चालत असणार, एवढं त्यात धरलेलंच आहे. मला ते धरलेलं हवंय. बाकी पेशींचं तुमचं तुम्ही बघा.

याला काय म्हणावं ते मला सुचेना. तर्काला उत्तर देता येतं. हिने तर्क केलाच नव्हता, आणि तरी मुद्दा तिचाच वर राहिला होता. मी विषय दुसरीकडे नेला.

मी : क्रमाकडे बघ. १९८८ मध्ये अमेरिकेत बी-१८ नावाची चाचणी सुरू झाली. काही जणींना आधी केमो, काही जणींना आधी ऑपरेशन. जगण्यात फरक पडला नाही. आधी केमो घेतलेल्यांत स्तन वाचवता आलेल्या मात्र जास्त. तुझी गाठ आधीच काढली असती, तर औषध तिला लागू पडलं असतं का हे कधीच कळलं नसतं. म्हणजे अज्ञान वाढलेलं नाही. त्याला फक्त तारीख मिळालीय.

ताई : तारीख मिळाली हाच तर जाच आहे. बिनतारखेच्या अज्ञानात माणूस मेथी निवडतो, मालिका बघतो.

मी : पण त्या तारखेचा उपयोग आहे. कॅथरीन चाचणीचे निकाल २०१९ मध्ये छापून आले. हर-टूच्या ज्या रुग्णांत ऑपरेशनच्या वेळी रोग उरलेला होता, त्यांतल्या निम्म्यांना टी-डीएम-१ हे दुसरं औषध दिलं. तीन वर्षांनी रोग न उलटलेल्यांचं प्रमाण ८८ टक्के, आणि ट्रास्टुझुमॅबच चालू ठेवलेल्यांत ७७. आधी ऑपरेशन केलं असतं तर औषध कुणाचं बदलायचं हे कळायला वाटच नव्हती.

ताई : म्हणजे उरलं तरी सगळं संपलं असं नाही.

मी : नाही.

ताई : आणि काही उरलं नाही तर सुटले?

मी : तसंही म्हणता येत नाही. २०१४ मध्ये जवळपास बारा हजार जणींची माहिती एकत्र करून पाहिली. ज्यांच्यात काही उरलं नव्हतं त्यांचं पुढे बरं चाललं, खूपच बरं. पण त्यांच्यातल्याही काहींचा रोग उलटला.

ताई : मघाशी म्हणालास ठरून गेलंय. आता म्हणतोस त्या दिवशीही काही ठरत नाही. यातल्या कशावर शांत होऊ?

मी : पेशींचं ठरलंय. तुझं ठरलेलं नाही.

ताई : पेशी कुणाच्या?

मी गप्प.

ताई : एक विचारू? मला शांत वाटावं म्हणून हे सगळं सांगतोयस, का मी शांत दिसावी म्हणून?

मी : दोन्ही असेल.

ताई : मग एक कर. रिपोर्ट तू आण. पण त्यात काय आहे ते मला सांगू नकोस. पुढचं इंजेक्शन कधी, तेवढं सांग.

मी : इंजेक्शनच्या नावावरूनच कळेल. तेच चालू राहिलं तर काही उरलेलं नाही, बदललं तर उरलंय.

ताई : नावही सांगू नकोस. सिस्टरला माहीत असलं म्हणजे झालं.

मी : संमतीपत्रावर औषधाचं नाव असतं. सही तुझी लागते.

ताई : सही चष्मा न लावताही करता येते.

मी : तुला नाही जमणार ते.

ताई : नाही जमलं तर वाचेन. पण ते त्या दिवशी. आज तू मला वाचायला लावू नकोस.