बळीच्या दाराशी

जमिनीखाली वावरणाऱ्यांविषयी माणसाच्या मनात फार जुना संशय आहे. वरचे ते चांगले आणि खालचे ते वाईट, ही वाटणी आपल्या भाषेनेच करून ठेवली आहे. यशस्वी माणूस वर येतो, बिघडलेला खालच्या थराला जातो. थोर मनुष्य उंच, क्षुद्र मनुष्य खुजा. हे दोन्ही कमीपण एकदम ज्यांच्या वाट्याला आले, असे लोक युरोपच्या कथांतून भेटतात. डोंगराच्या पोटात नगरे कोरून राहणारे, लांब दाढ्यांचे, बुटके कारागीर. उत्तरेकडील पुराणांत देवांची शस्त्रे आणि दागिने घडविणारे तेच. ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या गोष्टीत हिमगौरीला आसरा देणारे तेच, आणि तेही खाणीत राबणारेच. पुढे टॉल्किन या इंग्रज प्राध्यापकाने १९३७ साली ‘हॉबिट’ आणि १९५४-५५ साली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहून या बुटक्यांना राजवंश दिले, भाषा दिली, इतिहास दिला. कबनूरसारख्या गावातील माझे विद्यार्थी आज त्यांना सिनेमातून ओळखतात.

त्यांतील एकाने मला एकदा विचारले, “सर, ही माणसं एवढी हुशार, तर मग वर येऊन का राहत नाहीत?” प्रश्न पोराचा आहे, पण त्यात आपणा सर्वांचे एक गृहीत दडले आहे. हुशार माणसाची जागा वरच असली पाहिजे, हे ते गृहीत. ज्याला खाली राहावे लागते त्याच्यातच काही उणे असले पाहिजे, असे आपण मनोमन धरून चालतो.

या बुटक्यांवर कथांतून दोन आरोप येतात. एक, ते लोभी असतात; खणून काढलेले धन सोडत नाहीत. दुसरा, ते मर्यादेपलीकडे खोल जातात आणि मग पाताळातील अरिष्ट जागे होते. टॉल्किनच्या मोरिया नगरीचा नाश असाच झाला. मीही कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे आरोप कोण करतो याकडे माझे लक्ष आधी जाते. बुटक्यांना लोभी म्हणणारे बहुधा वरचे असतात. ज्याने रात्रंदिवस पहाड फोडून सोने काढले, त्याने ते आपल्याजवळ ठेवले तर तो लोभी. आणि ज्याने हात न मळवता ते मागितले, तो मात्र नुसता ग्राहक! सोळाव्या शतकातील जर्मन प्रदेशात खाणकऱ्यांना चांदीसारखे दिसणारे एक खनिज सापडे. ते भट्टीत घातले की चांदी तर निघत नसेच, वर विषारी धूर निघे. हा खोडसाळपणा भूमिगत पिशाच्चांचा, असे ठरवून लोकांनी त्या खनिजाला त्या पिशाच्चाचेच नाव दिले. आजचे ‘कोबाल्ट’ हे नाव तेथून आले. धूर आर्सेनिकचा होता. दोष मात्र खाली राहणाऱ्याच्या माथी बसला.

आता कल्पनेतील डोंगर सोडून आपल्या देशातील खऱ्या खाणीकडे पाहू. आपल्या शेजारच्या कर्नाटकातील कोलारला १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या विलायती कंपनीने सोन्याची खाण चालविली. तेथील चॅम्पियन रीफ खाण तीन हजार मीटरांहून खोल गेली. इतक्या खोलीवर खडकच तापलेला असतो, आणि वरच्या भाराने तो अवचित फुटून माणसांवर येतो. कावेरीवरच्या शिवनसमुद्रम येथील वीज १९०२ साली प्रथम आणली गेली ती या खाणीसाठी. म्हणजे देशातील बहुतेक शहरे कंदिलावर होती तेव्हा या विवराशी वीज पोचली होती. मजुराच्या सुखासाठी नव्हे, सोन्यासाठी. २००१ साली खाण बंद पडली. एकशेवीस वर्षांत सुमारे आठशे टन सोने निघाले, असे सांगतात. मर्यादेपलीकडे खोल कोण गेले, असे येथे विचारले तर काय उत्तर द्याल? कुदळ मजुराच्या हातात होती. पण आणखी खोल जा, हा हुकूम नेहमी वरून आला. कथेतील बुटका निदान आपल्या लोभाने खणतो. खरा खाणकरी दुसऱ्याच्या लोभासाठी खणतो आणि शाप मात्र स्वतः भोगतो.

यावर कोणी म्हणेल, त्याला मजुरी मिळते ना? कोणी हातपाय बांधून तर खाली सोडले नव्हते! हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. व्यवहारात जग मजुरीवरच चालते, आणि खाणीतल्या पगारावर कित्येकांची पोरे शिकली, हेही खरे. पण मजुरी हा श्रमाचा मोबदला आहे. अंधाराचा मोबदला कोणता? शेतावरचा मजूर श्रम देतो. खाली उतरणारा त्याशिवाय आपला जीव दुसऱ्याच्या हवाली करतो. वर पंपावर कोण बसला आहे, नकाशा कोणी काढला आहे, लाकडी टेकू वेळेवर बदलला की नाही, यांपैकी काहीही त्याला खालून दिसत नाही. तो विश्वासावर उतरतो. आणि विश्वासाचे देणे पैशात फिटत नाही, असे माझे मत आहे.

२७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत शेजारच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या खाणीतील पाणी भिंत फोडून घुसले. त्या पाळीचे लोक खालीच राहिले. मृतांचा आकडा कोठे ३७२, तर कोठे ३७५ असा वाचावयास मिळतो. मी शिक्षक आहे. हजेरीपट हा माझ्या धंद्याचा धर्मग्रंथ. सहलीहून परतताना तीन मुले कमी-जास्त भरली, तर आम्हांला घास गोड लागणार नाही. येथे कित्येक दशके उलटली, आणि त्या दोन आकड्यांमध्ये तीन माणसे अजून लोंबकळत आहेत. मला वाटते, खालच्यांचे आपल्या लेखी मोल किती, याचे याहून नेमके माप सापडणार नाही.

उलट बाजूही पाहावी. १२ नोव्हेंबर २०२३, ऐन लक्ष्मीपूजनाचा दिवस. आपण अभ्यंगस्नानाला उठत होतो, त्याच पहाटे उत्तराखंडातील सिलक्यारा बोगदा कोसळला आणि एकेचाळीस मजूर आत अडकले. सतरा दिवस देश श्वास रोखून होता. परदेशी यंत्र अखेरच्या टप्प्यात मोडले. शेवटचे दहाबारा मीटर हाताने उकरून काढले ते उंदराच्या बिळासारखी भुयारे खणणाऱ्या कामगारांनी. अशा पद्धतीच्या कोळसा खाणींवर मेघालयात २०१४ साली धोक्याच्या म्हणूनच बंदी आली होती. ती बंदी योग्यच आहे. परंतु यंत्र हरले तेथे बंदी घातलेली विद्या कामास आली, आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस माणसे बाहेर आली. तेथे आकडा चुकला नाही. कारण सबंध देश तोंडाशी उभा राहून मोजत होता.

हा दूरचा विषय आहे असे आम्ही कबनूरकरांनी तरी म्हणू नये. आमच्या गावाचा श्वास यंत्रमागाच्या खटखटाटावर चालतो. कांड्या भरणाऱ्या बाईपासून माग चालविणाऱ्यापर्यंत सर्वांची चूल विजेवर अवलंबून. महाराष्ट्राच्या विजेत कोयनेचा वाटा मोठा, आणि तिचे पोफळीचे वीजगृह सह्याद्रीच्या पोटात, खडक कोरून केलेल्या दालनात आहे. १९६२ साली तेथून वीज सुरू झाली. पुढे १३ मार्च १९९९ रोजी शिवसागराच्या तळाखालून बोगदा नेऊन, उरलेला खडकाचा बूच सुरुंगाने उडवून सरोवराचे पाणी खाली घेतले, तेव्हा त्याचे केवढे कौतुक झाले! ते रास्तच होते. पण बटण दाबताना ते दालन कोरणाऱ्या एकाही माणसाचे नाव आपल्याला ठाऊक नसते. पितळखोऱ्याच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीचा एक बुटका यक्ष सापडला. आता तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. डोक्यावर पात्र, चेहऱ्यावर हसू, आणि हातावर कोरलेले नाव: कान्हदास, सोनार. त्या काळच्या कारागिराला आपले नाव ठेवण्याची मुभा मिळाली. आपल्या बोगद्यांवर उद्घाटकाचे नाव असते.

आणि सर्वांत जवळचे पाताळ तर आपल्या गल्लीतच, लोखंडी झाकणाखाली आहे. ते तीन हजार मीटर खोल नाही, जेमतेम तीन मीटर असेल. गटारात आणि शौचटाकीत संरक्षणाशिवाय माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाखांची, आणि २०२३ साली तीस लाखांची भरपाई ठरविली. तरीही माणसे उतरतात, कारण त्यांना आपण बोलावतो. कोलारचा हुकूम विलायतेतून येत असे. हा हुकूम आपल्या ओसरीवरून सुटतो, आणि तोही पैशांची घासाघीस करून.

येथे मला आपलीच एक कथा आठवते. युरोपच्या कथेत बुटका खाली राहतो. आपल्या कथेत बुटका वर उभा राहतो आणि उदार, पराक्रमी राजाला खाली लोटतो. वामनाने बळीला सुतलात धाडले. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त या कथेचा निराळा अर्थ लावला, आणि शेतकऱ्याला बळीराजा म्हणणाऱ्या महाराष्ट्राला तो परका वाटला नाही. पाताळ म्हणजे केवळ काळोख, असेही आपले पुराण मानत नाही. विष्णुपुराणातील नारद तर खालून परत येऊन सांगतो की, पाताळ स्वर्गाहून रम्य आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला हे एक उत्तर आहे. खाली असणे हे कमीपण नव्हे.

पण त्या कथेतील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग पुढेच आहे, आणि तो आपण घाईघाईने ओलांडतो. भागवतात सांगितले आहे की, ज्याने बळीला खाली धाडले तोच त्याच्या दाराशी द्वारपाल होऊन उभा राहिला. येथे भगवंताने नुसती दया दाखविली नाही, नुकसानभरपाई देऊन हात झटकले नाहीत. तो पहाऱ्यावर उभा राहिला. मला यात नीतीचा एक स्पष्ट नियम दिसतो. ज्याच्या पावलामुळे दुसरा खाली गेला, त्याचे पाऊल दारातून हलता कामा नये. मजुरी, आभार, सत्कार ही सर्व त्यानंतरची देणी.

हा नियम पाळणे फारसे अवघड नाही. किती उतरले आणि किती वर आले, एवढे मोजावयाचे. दोर, दिवा, हवा आहे की नाही ते उतरणाऱ्याच्या आधी पाहावयाचे; नसेल तर काम थांबवावयाचे, मग घर तुंबले तरी चालेल. पाडव्याला ओवाळताना आपल्याकडे बायाबापड्या ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणतात. राज्य येईल तेव्हा येवो. ते येईपर्यंत त्याच्या दाराशी पहारा कोणाचा, एवढे या दिवाळीत आपण ठरवावे.