हेतू चांगला, हात कच्चा

सेवेची इच्छा ही मानवी मनाची एक उदात्त प्रेरणा होय, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु इच्छा उदात्त असली म्हणजे तिच्यापोटी घडणारी प्रत्येक कृती आपोआप चांगली ठरते काय, हा प्रश्न मात्र आपण सहसा स्वतःला विचारीत नाही. तो विचारण्याचा प्रसंग मध्यंतरी आमच्यावर आला.

आम्ही चार दिवस विश्रांतीसाठी गणपतीपुळ्यास राहिलो असता, परिचयातील एका कुटुंबाचा मुलगा आम्हांस भेटावयास आला. तो वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला शिकतो. सुट्टीचे सहा आठवडे आफ्रिकेतील एका लहानशा रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून घालवावेत, असा त्याचा बेत होता आणि त्यासाठी त्याला आमचा आशीर्वाद हवा होता. बोलता बोलता तो म्हणाला, "फादर, इथं आम्हांला नुसतं मागं उभं राहून बघावं लागतं. तिथं डॉक्टर कमी आहेत, त्यामुळे टाके घालायला मिळतात, बाळंतपणंसुद्धा करायला मिळतात." त्याच्या बोलण्यात कपट नव्हते. मुलगा गुणी आहे, कष्टाळू आहे. म्हणूनच त्याचे ते वाक्य आमच्या मनात रुतून बसले. जे करण्याची मुभा त्याला येथे नाही, ते तेथे तो कोणत्या अधिकाराने करणार? तेथील मातेला कळा कमी येतात काय, की तेथील जखम कच्च्या हाताला अधिक क्षमा करते?

गणपतीपुळ्याचा समुद्र ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा प्रश्न समजावून सांगण्यास फार शब्द लागणार नाहीत. वरून शांत, मोहक दिसणाऱ्या या पाण्याने आजवर अनेक पर्यटकांचे बळी घेतले आहेत. बुडणाऱ्याला पाहून काठावरच्या माणसाचे काळीज हलते, हे त्याच्या माणुसकीचे लक्षण. परंतु ज्याला पोहता येत नाही, त्याने केवळ कळवळ्यापोटी उडी घेतली, तर एकाऐवजी दोन घरांत रडारड होते. नुसते पोहता येऊनही भागत नाही. येथील प्रवाह, येथील उतार ठाऊक असावा लागतो. म्हणूनच येथे या समुद्राशी लहानपणापासून ओळख असलेल्या स्थानिक जीवरक्षकांचा आधार मोठा वाटतो. कळवळा माणसाला पाण्यापर्यंत नेतो. पुढचे काम अंगातल्या विद्येचे असते.

गुरुविद्यालयात आम्हांला नीतिशास्त्र शिकविताना एक साधे सूत्र सांगितले जाई. कोणतीही कृती चांगली ठरावयाची असेल तर मूळ कृती, करणाऱ्याचा हेतू आणि भोवतालची परिस्थिती ही तिन्ही चांगली असावी लागतात. त्यांपैकी एक जरी बिघडले तरी सारे बिघडते. आमच्या तरुण मित्राचा हेतू आम्ही मान्य करू. पण शिक्षण अपुरे असताना, देखरेखीवाचून, भाषा न कळणाऱ्या रुग्णावर उपचार करणे ही कृती कशी आहे? आणि परिस्थिती तरी कशी? दरिद्री रुग्णाला 'नको' म्हणण्याची सोय नसते. पांढरा कोट पाहून तो हात जोडतो. त्या जोडलेल्या हातांना आपण संमती समजतो, हीच मोठी फसगत आहे. धुळाक्षरे गिरविण्यासाठी पाटी असते; माणूस कोणाचीही पाटी नव्हे.

यावर कोणी म्हणेल, 'जेथे काहीच नाही, तेथे थोडे तरी काय वाईट?' या आक्षेपात तथ्य आहे. वाटेत अपघात झाला आणि जवळ दुसरे कोणी नसेल, तर विद्यार्थ्यानेच नव्हे, कोणीही वाहते रक्त थांबविले पाहिजे. तेथे परवाना विचारीत बसणे हे पाप ठरेल. परंतु आणीबाणी ती, जी आपल्यावर न सांगता येऊन कोसळते. सहा महिने आधी विमानाचे तिकीट काढून जी गाठली जाते, तिला आणीबाणी म्हणता येत नाही. शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याकडे पाहा. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमा बांधल्या, म्हणजे त्याला जेवढे येत होते तेवढे केले. मग त्या माणसाला उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी पदरचे पैसे मोजून त्याला तेथील माणसाच्या हवाली केले आणि परत येण्याचे वचन दिले. आपली मर्यादा ओळखणे हाही त्याच्या दयेचाच भाग होता.

परदेशी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्राचे भूषण म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक युद्धग्रस्त चीनला गेले, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. तारुण्याच्या बाबतीत आमचा मित्र आणि ते फार दूर नाहीत. पण चार गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतील. चीनकडून मागणी आली म्हणून ते गेले. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील शिक्षण पुरे करून ते गेले. तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली. आणि सहकारी परतल्यावरही ते मागे राहिले. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा त्यांनी वाहिली, तेथेच संसार थाटला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच देह ठेवला. अल्बर्ट श्वाइट्झर हे तर धर्मशास्त्राचे पंडित आणि नामांकित ऑर्गनवादक होते. आफ्रिकेत सेवेसाठी जावे असे वाटताच ते बोटीवर चढले नाहीत. १९०५ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसले आणि वैद्यकीय शिक्षण घेऊन १९१३ साली लांबारेनेस गेले. ती तयारीची वर्षे आम्हांला त्यांच्या सेवेचाच पहिला अध्याय वाटतात.

आणखी एक गोष्ट. लहान रुग्णालय म्हणजे ज्ञानाचा दुष्काळ, हा समजही तपासून घ्यावा. आपल्याच कोकणात, महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून जे टिपले, ते १९८२ साली 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे प्राझोसिन या औषधाने कित्येकांचे प्राण वाचले. मोठ्या शहरांतील ग्रंथालयांत जे नव्हते, ते खेड्यातील खाटेपाशी सापडले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पात अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर ग्रामीण स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. आणि देशोदेशीची सुशिक्षित माणसे तेथे शिकावयास आली. कोण कोणाला देतो, हे वाटते तितके उघड नसते.

इव्हान इलिच हे १९६८ साली अजून धर्मगुरू होते, तेव्हा त्यांनी मेक्सिकोत सेवेसाठी येऊ पाहणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे कठोर भाषण केले. पाहावयास या, अभ्यासास या, परंतु मदत करावयास येऊ नका, असा त्यांचा आशय होता. आम्ही इतके टोकाला जाणार नाही. शिकणे हेही पवित्र कार्य आहे, आणि आजचा विद्यार्थी शिकलाच नाही तर उद्याचा डॉक्टर कोठून येणार? दोष शिकण्यात नाही. शिकण्याला सेवेचे नाव देऊन त्याची किंमत रुग्णाकडून वसूल करण्यात दोष आहे.

म्हणून त्या मुलाला आम्ही 'जाऊ नकोस' असे सांगितले नाही. निघण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मात्र मागितली. जे काम तू तेथे करणार, ते रत्नागिरीच्या रुग्णालयात तुझ्या आईवर तुझ्याइतक्याच शिकलेल्या मुलाने केलेले तुला चालेल काय? तुला शिकविण्यात तेथील परिचारिकेचा जो वेळ जाईल, त्याची भरपाई कोण करणार? आणि तू परतल्यावर तेथे काय उरेल?

पहिल्या प्रश्नापाशीच तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "मग मी तिथं करू तरी काय?" आम्ही म्हणालो, विद्यार्थी म्हणून जा आणि तसे स्पष्ट सांग. खाटा पूस, पाणी दे, औषधे मोजून ठेव, तेथील डॉक्टर जे दाखवतील ते मन लावून पाहा. जेथे ते स्वतः शेजारी उभे राहतील तेथेच हात लाव. अंगी नसलेली विद्या मिरविण्यापेक्षा असे सहा आठवडे नम्रतेने पाणी भरण्यात घालविणे अधिक कठीण आहे. आमच्या मते सेवेची खरी परीक्षा तेथेच होते.