थेंब की शस्त्रक्रिया?

चि. बाळ,


बाबांचा काचबिंदू कळल्यापासून तुझा एकच धोशा चाललाय: जन्मभर थेंब घालत बसण्यापेक्षा एकदाच ऑपरेशन का उरकू नये? प्रश्न रास्त आहे.

आधी हे पक्कं समज की गेलेली नजर दोन्हींपैकी कशानेच परतत नाही. दाब उतरवून दृष्टिनस आणखी झिजू न देणं, एवढंच आपल्या हातात. डोळ्यात पाणी सतत तयार होतं आणि निचरतं. थेंब नळ बारीक करतात किंवा मोरी मोकळी करतात. ट्रॅबेक्युलेक्टमी या शस्त्रक्रियेत पाण्याला वरच्या पापणीआड नवी वाट काढून देतात.

अमेरिकेत १९९३पासून नुकतंच निदान झालेले ६०७ रुग्ण दोन गटांत वाटून हाच प्रश्न तपासला गेला. शस्त्रक्रियेने दाब जास्त उतरला, तरी पाच वर्षांनी दोन्ही गटांची नजर जवळपास सारखीच टिकली होती. शिवाय शस्त्रक्रियेच्या गटात मोतीबिंदू अधिक झाले. पण ज्यांचं नुकसान निदानाआधीच बरंच झालं होतं, त्यांना पुढे शस्त्रक्रियाच फळली. म्हणून ब्रिटनमध्ये रोग फार पुढे गेलेल्या ४५३ रुग्णांचा अभ्यास झाला. दोन वर्षांनी सरासरी दाब शस्त्रक्रियेने १२.४, तर थेंबांनी १५.१ मिमी पारा होता. पाच वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटाची नजर कमी घटलेली दिसली.

तेव्हा नजरेचा आवाका मोजणाऱ्या फील्ड टेस्टचे कागद घेऊन जा आणि डॉक्टरांना विचार, ‘बाबांची किती नजर गेलीय?’ रोग कोवळा असेल, तर थेंब किंवा लेझरने सुरुवात करा. लंडनच्या २०१९च्या अभ्यासात आधी लेझर केलेल्यांपैकी ७४ टक्क्यांचा दाब तीन वर्षांनीही थेंबांवाचून आटोक्यात होता. बरंच गेलं असेल, तर शस्त्रक्रिया शेवटचा उपाय म्हणून लांबवू नका.

मात्र ‘एकदाच’ हा शब्द विसर. केलेली वाट व्रण धरून बुजू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, तपासणी जन्मभराची. आणि थेंबच ठरले, तर ते रोज पडतात की नाही, हे तू बघायचंस. दुखत नाही म्हणून बाबा टाळणार, मी त्यांना ओळखते!

तुझी,
आत्या

ता. क. हा आजार रक्ताच्या नात्यात येतो. बाबांच्या पुढच्या तारखेला तुझेही डोळे तपासून घे.