झाडून ठेवलेले रिकामे घर

शब्बाथशाळेच्या शिक्षकांची सभा आटोपली, चहा झाला, आणि मंडळी चपला शोधू लागली, तेव्हा एका भगिनीने हळूच विचारले, "मोबाईलवर खेळणे हे पाप आहे का, एवढेच मला सांगा. पाप असेल तर मुलाला तसे सांगेन. नसेल तर घरातले रोजचे भांडण तरी थांबवीन." कोणी म्हणाले पाप, कोणी म्हणाले काळच तसा आहे. एक बंधू हसून म्हणाले, "आमच्या लहानपणी सिनेमाबद्दल हेच विचारीत." तेवढ्यावर विषय संपला. पण त्या भगिनी हसल्या नाहीत. त्या इस्पितळात नर्स आहेत. महिन्यातल्या कित्येक रात्री त्यांना ड्यूटीवर जावे लागते आणि घरी बारा वर्षांचा मुलगा व थकलेल्या सासूबाई असतात. त्यांच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यावयास हवे होते. ते देण्याचा हा प्रयत्न आहे.

पहिली गोष्ट ही की, खेळ हे पाप नव्हे. जखऱ्या संदेष्टा पुन्हा वसलेल्या यरुशलेमेचे चित्र काढतो, तेव्हा नगरातले रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेले आहेत असे तो सांगतो (जखऱ्या ८:५). देवाचा आशीर्वाद नगरावर आला हे कशावरून ओळखावे, तर मुले खेळत आहेत ह्यावरून. तेव्हा जो खेळालाच दोष देतो, त्याला शास्त्राचा आधार नाही.

पण सर्व खेळ सारखे आहेत काय? विटीदांडू, लगोरी, लंगडी हे खेळ आपोआप संपतात. अंधार पडतो, डाव मोडतो, कोणीतरी रुसून घरी जातो, आईची हाक येते. शिवाय समोरच्या गड्याला चेहरा असतो. लबाडी केली तर ऐकून घ्यावे लागते आणि हरल्यावर त्याच गड्याबरोबर उद्या पुन्हा खेळावे लागते. मोबाईलवरच्या पुष्कळ खेळांत सूर्य मावळतच नाही. एक पायरी संपली की दुसरी उघडते. रोज हजेरी लावली तर बक्षीस मिळते, आणि एक दिवस चुकला तर साखळी तुटते. बक्षीस केव्हा मिळेल हेही निश्चित नसते. स्किनर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मागील शतकात प्रयोग करून दाखविले की, कळ दाबल्यावर दर वेळी दाणा मिळाला तर पुढे दाणे बंद होताच प्राणी लवकर थांबतो; पण दाणा कधी मिळाला, कधी नाही, असे झाले तर तो पुष्कळ वेळ कळ दाबीतच राहतो. हे खेळ तयार करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. आत काय निघेल हे न सांगता पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या खेळांतल्या पेट्यांना बेल्जियमच्या अधिकाऱ्यांनी २०१८ साली जुगारात धरले, ते उगीच नव्हे.

आपण सहज म्हणतो, "मुलाला मनोनिग्रह नाही." पण एका बाजूस बारा वर्षांचे लेकरू आहे आणि दुसऱ्या बाजूस, ते जागेवरून उठू नये म्हणून पगार घेऊन विचार करणारी शिकलेली, मोठी माणसे आहेत. ही लढत बरोबरीची नाही. लहानांपुढे अडखळण ठेवणाऱ्याविषयी प्रभू किती कठोर बोलला हे आपण जाणतो (मत्तय १८:६). तो कठोर शब्द अडखळणाऱ्या लेकरासाठी नाही, अडखळण ठेवणाऱ्यासाठी आहे. म्हणून सरकारांनी हात घातला तर त्यात गैर नाही. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढीच वेळ ऑनलाईन खेळासाठी ठरवून दिली. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा मंजूर केला. असे कायदे हवेत. पण कायदा रस्त्यावरच्या फाटकाशी उभा राहतो. तो आपल्या स्वयंपाकघरात येत नाही.

खेळाची आवड असलेला प्रत्येक मुलगा रोगी आहे असेही समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत खेळाच्या विकाराचा समावेश आहे. परंतु त्याची लक्षणे स्पष्ट आहेत: खेळावर ताबा राहत नाही, इतर सर्व गोष्टी मागे पडतात, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहतो, आणि हे साधारण बारा महिने चालते. असे मूल घरात असेल तर प्रार्थना करावी आणि डॉक्टरांकडेही न्यावे. त्यात लाज कसली? आपली बहुतेक मुले मात्र इतकी पुढे गेलेली नाहीत. पौलाने करिंथकरांपुढे मांडलेला प्रश्न त्यांच्यापुढे आहे: मला मोकळीक पुष्कळ आहे, पण मी कशाच्या ताब्यात तर जात नाही ना? (१ करिंथ ६:१२). त्या भगिनीला माझे अर्धे उत्तर हे आहे. "पाप आहे का" असे विचारण्यापेक्षा "धनी कोण" असे विचारावे. खेळ मुलाच्या हातात आहे, की मूल खेळाच्या हातात?

उरलेले अर्धे उत्तर मला माझ्या चुकीने शिकविले. उन्हाळ्याच्या सुटीत नातू आमच्याकडे आला होता. दिवसभर मोबाईल पाहून मी संतापलो, तो काढून घेतला आणि कपाटात कुलपात ठेवला. तीन दिवस नातू मुकाट्याने खिडकीशी बसून राहिला. मला वाटले, जिंकलो. चौथ्या दिवशी तो शेजारच्या मुलाच्या मोबाईलला डोके लावून बसलेला सापडला. मी रागावलो तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही मोबाईल घेतलात. पण मग मी काय करू, ते सांगितलंच नाही."

प्रभूने सांगितलेली झाडून, सजवून ठेवलेल्या रिकाम्या घराची गोष्ट (मत्तय १२:४३–४५) मी वर्गात कितीदा शिकविली असेल! अशुद्ध आत्मा गेला, घर स्वच्छ झाले, पण राहावयास कोणी आले नाही; म्हणून तो परतला, आणि सात जणांना घेऊन परतला. खेळाला मी अशुद्ध आत्मा म्हणत नाही. परंतु रिकाम्या घराचा नियम तोच आहे. मी घर झाडले होते, भरले नव्हते.

मग कुंपण नकोच काय? हवे. लहान मूल स्वतःचा राखणदार होऊ शकत नाही. वर्षाच्या आतील बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक नको, कमी असेल तर बरेच, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. पुढे मात्र कुंपण हळूहळू बाहेरून मुलाच्या आत सरकले पाहिजे. पाच वर्षांच्या मुलासाठी आईने ठरवावे, दहा वर्षांच्या मुलाबरोबर बसून ठरवावे, पंधरा वर्षांच्या मुलाला ठरवू द्यावे आणि त्याचा जाब त्याच्याकडून घ्यावा. बापाची नजर आहे तोवरच टिकणारी आज्ञाधारकता म्हणजे अजून सद्गुण नव्हे. पण सद्गुण मुळे धरीपर्यंत रोपाला कुंपण लागते, हेही खरे.

आणि हे कुंपण सर्वांना सारखे असावे. चौथी आज्ञा पाहा. विसाव्याचा नियम लावताना देव आधी "तू" म्हणतो, मग मुलगा, मुलगी, चाकर, गुरेढोरे व परका ह्यांची नावे घेतो (निर्गम २०:१०). घरधनी पहिला बांधला जातो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाने २०२२ साली असेच केले. संध्याकाळी सातला भोंगा वाजे आणि दीड तास सगळ्या गावाने टीव्ही व मोबाईल बंद ठेवावयाचे असे ठरले, केवळ मुलांनी नव्हे. आपल्या घरी जेवणापासून कौटुंबिक प्रार्थना होईपर्यंत सर्वांचे फोन एका फळीवर ठेवता येणार नाहीत काय? वडील म्हणतात, "ऑफिसचा फोन आहे." कधी ते खरे असते; कधी नसते, आणि मुलाला त्यातला फरक कळतो. लेकरांना चिडीस आणू नका असे पौल बापांना बजावतो (इफिस ६:४), आणि करणाऱ्यानेच मोडलेल्या नियमाइतके मुलाला दुसरे काही चिडवीत नाही. डाव अर्ध्यावर असताना हातातून मोबाईल हिसकावणे हेही त्यातलेच. "हा डाव संपला की ठेव," असे आधी सांगावे आणि मग शब्दावर ठाम राहावे.

आता त्या भगिनीकडे परत येतो. हे सर्व मी तिला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "रात्री मी ड्यूटीवर असते. मोबाईल आहे म्हणून तो घरात तरी राहतो. मोबाईलच माझी शेजारीण आहे." ह्यावर मला उत्तर सुचले नाही. तिचे घर ती एकटी कसे भरणार? जुन्या मिशन कंपाऊंडात घरे लागून होती. मुले देवळाच्या आवारात खेळत आणि कोणाची तरी आई हाक मारी. पुढे खिडक्यांच्या काचा फुटतात म्हणून आम्हीच फाटकाला कुलूप लावले. आज तेथे लग्नाच्या गाड्या उभ्या राहतात, आणि आम्ही मुलांना विचारतो की, तुम्ही खोलीत का बसता? तिच्या प्रश्नाचे उत्तर केवळ तिच्या घरात नव्हते. मंडळीच्या हातात एक किल्ली होती.

जखऱ्याच्या त्याच चित्रात, मुलांच्या अगोदरच्या वचनात, हातात काठी घेऊन चौकात बसलेली म्हातारी माणसे आहेत (जखऱ्या ८:४). ते वचन मी आजवर वरवर वाचले होते. पाळकसाहेबांशी बोलून आता दर शनिवारी संध्याकाळी आम्ही फाटक उघडतो, आणि आम्ही दोघे-तिघे वृद्ध पायरीवर बसतो. पहिल्या शनिवारी चार मुले आली. त्यांत त्या भगिनीचा मुलगा नव्हता. तिसऱ्या शनिवारी तो आला, थोडा वेळ भिंतीला टेकून उभा राहिला आणि मग खेळला. घरी गेल्यावर त्याने मोबाईल घेतलाच असेल. एक काच फुटली आहे. पंचांनी ती मंडळीच्या निधीतून बसवावी असे ठरविले, आणि माझ्या मते त्या निधीचा ह्याहून चांगला उपयोग पुष्कळ दिवसांत झाला नव्हता.