पेशीभित्तिकेचे संवेदन आणि वनस्पतीच्या भोगाचा प्रश्न

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावाकडे जिथून वाट फुटते तिथे वसलेले मार्गासनी आणि त्याच्या भोवतालची गुंजवणी खोऱ्यातील गावे मुख्यतः भातशेतीची आहेत. या मुलखातील पारंपरिक शेतीत राबासाठी झाडांच्या फांद्या तोडल्या जातात, त्या पाल्याशेणासह रोपांच्या जागेवर भाजल्या जातात, आणि पाऊस स्थिरावल्यावर त्याच जागी वाढलेले भाताचे रोप मुळांसकट उपटून चिखलणी केलेल्या खाचरात पुन्हा लावले जाते. फांदी तुटताना झाडाला आणि मुळे ओढली जाताना रोपाला काही होते काय, म्हणजे तिथे केवळ एक बदल घडतो की तो बदल कोणीतरी भोगते, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी शतकानुशतके गांभीर्याने हाताळला आहे. आणि अलीकडच्या काळात वनस्पतीच्या पेशीभित्तिकेच्या अभ्यासाने त्या प्रश्नाला असे नवे साहित्य पुरवले आहे, की जुने पक्ष त्यामुळे मोडीत निघत नाहीत, पण त्यांच्यातील वादाची जागा मात्र बदलते.

पेशीभित्तिका म्हणजे वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती, पेशीच्या पातळ पटलाच्याही बाहेर असणारे आवरण. ते मुख्यतः शर्करांच्या लांब साखळ्यांचे बनलेले असते : सेल्युलोजचे ताठ तंतू, त्यांना वेढणारे हेमिसेल्युलोज आणि या दोघांमधील मऊ, पाणी धरून ठेवणारे पेक्टिन. रॉबर्ट हूक याने १६६५ मध्ये बुचाच्या कापात सूक्ष्मदर्शकाखाली जे कप्पे पाहिले, ते वस्तुतः जीव निघून गेल्यावर मागे उरलेल्या या भिंतीच होत्या. कदाचित त्यामुळेच दीर्घकाळ भित्तिकेकडे एक निर्जीव पेटी म्हणून पाहिले गेले. जिवंत पेशीत मात्र या भिंतीवर आतून सतत दाब असतो. पेशीतील पाणी भिंतीला बाहेर ढकलते, भिंत त्याला अडवते, आणि या ओढाताणीतून निर्माण होणारा दाब बहुधा ०.३ ते १ मेगापास्कल, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या दीडपट ते पाचपट असतो. कोवळे रोप ताठ उभे राहते ते या दाबामुळे, आणि पेशी वाढते तीही भिंत मोजक्या ठिकाणी सैल करून या दाबाला वाट दिल्यामुळे. दुष्काळ, क्षार, थंडी, वारा, कीड किंवा बुरशी यांपैकी कोणताही ताण आला, की बहुधा याच ओढाताणीत फरक पडतो.

हा फरक पेशीला कळतो कसा, याचे उत्तर भिंत आणि पटल यांच्या सीमेवर सापडले आहे. पटलात अशी ग्राही प्रथिने रोवलेली असतात, की त्यांचे एक टोक बाहेर भित्तिकेत असते आणि दुसरे पेशीच्या आत. बाहेरच्या टोकाशी काही बदलले, की आतले टोक रासायनिक संकेत सुरू करते. फेरोनिया नावाचे असे एक ग्राही पेक्टिनशी जोडले जाते. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपावर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की क्षारयुक्त माध्यमात पेक्टिनची वीण सैल होते, फेरोनिया असलेली मुळे ती सैलता ओळखून स्वतःला सावरतात, आणि फेरोनिया नसलेल्या मुळांच्या पेशी वाढ पुन्हा सुरू करताना फुटतात. भिंतीशी संलग्न असलेल्या ग्राहींचा आणखी एक गट पेक्टिनचे तुटलेले तुकडे ओळखतो; बुरशी किंवा कीड भिंत कुरतडते तेव्हा हे तुकडे सुटतात, आणि स्वतःच्याच भिंतीचा चुरा ही वनस्पतीसाठी हल्ल्याची वार्ता ठरते. संकेत मिळताच कॅल्शियमचे आयन पेशीत शिरतात, ऑक्सिजनची क्रियाशील रूपे तयार होतात, जॅस्मोनिक आम्लासारखी संप्रेरके वाढतात, आणि भिंतीत लिग्निन हे काष्ठद्रव्य भरून ती जाड केली जाते.

या सर्वांत तत्त्वचिंतकाने ज्यापाशी सर्वाधिक थांबावे, असा प्रयोग २००७ मधील आहे. ज्या रोपांत सेल्युलोज बनवण्याची यंत्रणा जन्मतःच सदोष असते ती खुरटी राहतात, आणि त्याचे कारण उघड वाटत होते : भिंत दुबळी, म्हणून वाढ कमी. परंतु थेसियस नावाचे दुसरे एक ग्राही अशा रोपांतून काढून टाकल्यावर सेल्युलोजची उणीव तशीच राहूनही त्यांची वाढ बऱ्याच अंशी परत आली. याचा अर्थ असा, की खुरटणे हे दुबळ्या भिंतीचे थेट फळ नव्हते. भिंत दुबळी आहे हे ओळखून वनस्पतीने स्वतःच वाढ आवरली होती. हानी होणे आणि हानीला उत्तर देणे या दोन गोष्टी बाहेरून एकसारख्या दिसतात. इथे त्या स्वच्छपणे एकमेकींपासून वेगळ्या करून दाखवल्या गेल्या.

जुन्या वादाकडे या प्रकाशात पाहिले, तर त्याची सूक्ष्मता अधिक जाणवते. महाभारताच्या शांतिपर्वात, मोक्षधर्माच्या भागात, भरद्वाज असा आक्षेप घेतो की वृक्ष ऐकत नाहीत, पाहत नाहीत, त्यांना गंध, रस आणि स्पर्श कळत नाहीत, मग त्यांना पंचमहाभूतांचे कसे म्हणावे. आणि भृगू एकेक इंद्रिय घेऊन उत्तर देतो. उष्णतेने पान आणि साल म्लान होते, म्हणून स्पर्श आहे; मेघगर्जनेने फळे-फुले गळतात, म्हणून श्रवण आहे; वेल वृक्षाला वेढत जाते, म्हणून दृष्टी आहे; आणि तोडलेले पुन्हा वाढते, सुखदुःखाचे ग्रहण दिसते, म्हणून वृक्षात जीव आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतही हा संवाद आहे. भृगूच्या युक्तिवादाचा दोष असा, की तो प्रतिसादावरून थेट अनुभवाकडे उडी घेतो. उष्णतेने पापडही वाकडा होतो, पण त्याला स्पर्श कळला असे कोणी म्हणत नाही. आणि भृगूजवळ हानी व उत्तर यांत भेद करण्याचे साधन नव्हते.

जैन आचार्यांनी इंद्रियांची संख्या कमी केली आणि त्यामुळे त्यांचा पक्ष बळकट झाला. त्यांच्या मते वनस्पती हे एकेंद्रिय स्थावर जीव असून त्यांना स्पर्शन हे एकच इंद्रिय आहे, आणि कुंदकुंदाचार्यांनी पंचास्तिकायात म्हटल्याप्रमाणे असे जीव कर्माचे फळ भोगतात, पण हेतुपूर्वक कर्म करणाऱ्या त्रस, म्हणजे हालचाल करणाऱ्या, जीवांची पातळी त्यांना नसते. वनस्पतीची मूलभूत जाण ही दाब, ताण आणि आवरणाचा भंग यांची, म्हणजे व्यापक अर्थाने स्पर्शाची असते, हे आजच्या शोधांतून दिसते, आणि या साम्याचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि वनस्पती प्रकाश आणि रसायनेही ओळखते, त्यामुळे या साम्याला सिद्धान्ताचा पुरावा मानणेही योग्य नाही.

याविरुद्ध सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याने न्यायबिंदूत जो आक्षेप घेतला, तो या साऱ्या वादातील सर्वांत धारदार आहे. साल पूर्ण सोलली असता वृक्ष मरतो, म्हणून तो चेतन आहे, असे अनुमान तो विचारात घेतो. टीकाकार धर्मोत्तर ते दिगंबरांचे असल्याचे सांगतो. धर्मकीर्तीचे म्हणणे असे, की बौद्धांच्या दृष्टीने मरण म्हणजे विज्ञान (म्हणजे जाणीव), इंद्रिये आणि आयुष्य यांचा निरोध, आणि वृक्षाच्या बाबतीत असे मरण मुळातच सिद्ध नाही. वृक्ष वाळतो एवढेच सर्वांना मान्य आहे, आणि वाळण्यावरून चेतना सिद्ध करायची तर जे सिद्ध करायचे तेच आधी गृहीत धरावे लागते.

वाळणे आणि मरणे यांतील हे अंतर सह्याद्रीच्या कातळावर प्रत्यक्ष पाहता येते. उन्हाळ्यात पूर्ण सुकून जाणाऱ्या आणि पाणी मिळताच पुन्हा हिरव्या होणाऱ्या काही वनस्पती पश्चिम घाटात आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी अशा शुष्कता सहन करणाऱ्या ६२ जाती नोंदवल्या आहेत. आफ्रिकेतील अशा वनस्पतींवर झालेल्या कामातून असे कळते, की त्यांपैकी काहींच्या पेशीभित्तिका पाणी जाताना तडकत नाहीत, तर नियमित घड्या पडून आत दुमडतात, आणि पटल भिंतीपासून फाटून निघत नाही. चयापचय जवळजवळ थांबलेल्या त्या अवस्थेत वनस्पती मेलेली नसते, पण तिला जिवंत म्हणावे असा कोणताही व्यापारही चालू नसतो. तिच्या पुन्हा जगण्याची शक्यता ज्या गोष्टींत टिकून असते, त्यांत भिंतीची ती घडी एक असते. धर्मकीर्तीला हे उदाहरण सोयीचे वाटले असते, आणि जैन आचार्यांनाही. म्हणूनच केवळ जगण्यामरण्यावरून हा वाद सुटत नाही.

तो निदान नीट मांडण्याचे साधन न्यायदर्शनात आहे. न्यायसूत्रांनी शरीराची जी ओळख दिली, तीत चेष्टेचा आश्रय असणे हे एक लक्षण आहे, आणि चेष्टा म्हणजे कसलीही हालचाल नव्हे, तर हिताच्या प्राप्तीसाठी आणि अहिताच्या परिहारासाठी होणारी क्रिया. पुढील ग्रंथांत शरीर म्हणजे आत्म्याचे भोगायतन, सुखदुःख भोगण्याचे स्थान, अशी दुसरी व्याख्या रूढ झाली. माणसात आणि पशूत ही दोन्ही लक्षणे एकत्र आढळतात, त्यामुळे त्यांत निवड करण्याची वेळ सहसा येत नाही. वनस्पतीपाशी ती येते, आणि परंपरेतही तिच्याविषयी एकमत नव्हते : वैशेषिक भाष्यकार प्रशस्तपादाने तृण-वृक्षांची गणना शरीरांत न करता विषयांत केली, तर दहाव्या शतकातील उदयनाने वृक्षांना सजीव शरीरे मानण्याच्या बाजूने युक्तिवाद केला. थेसियसच्या प्रयोगावरून चेष्टेचे लक्षण वनस्पतीला कठोर अर्थाने लागू पडते असे म्हणता येते, कारण तिथे अहित ओळखणे आणि त्यावर क्रिया करणे हे अहितापासून वेगळे काढून दाखवलेले आहे. भोगाचे लक्षण मात्र त्यातून सिद्ध होत नाही. संकेत कोठे एकवटतो आणि कोणाला दुःख म्हणून जाणवतो, हे दाखवणारी रचना वनस्पतीत आढळलेली नाही. तेव्हा चेष्टा आहे आणि भोग असिद्ध आहे, हाच आज प्रामाणिकपणे काढता येण्याजोगा निष्कर्ष होय.

अहिंसेचा विचार करणाऱ्याला हा निष्कर्ष अपुरा वाटू शकतो, पण तो तसा नाही. ज्याला स्वतःचे हित आणि अहित आहे, त्याचे अहित करता येते, मग त्याला ते दुखो वा न दुखो. दगडाचे तुकडे होतात, त्याचे अहित होत नाही. वेल्हे-भोरच्या डोंगरांतील देवरायांचा निर्बंध याच जातीचा आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात ज्या देवरायांचा अभ्यास केला, त्यांतील अनेकांत वाळकी काटकीही उचलायची नाही असा दंडक होता, आणि त्यामागे झाडाच्या वेदनेचा विचार नव्हता. ते झाड देवाचे, त्यावर माणसाचा हक्क नाही, एवढेच पुरेसे होते. वेदना मोजून मग आदर ठरवणाऱ्या आधुनिक नीतिविचारापेक्षा हा निर्बंध अधिक खोल आहे, कारण अज्ञाताच्या बाबतीतही तो निरुत्तर होत नाही. राबाला फांद्या तोडणारा आणि देवराईत काटकी न उचलणारा माणूस अनेकदा एकच असतो. यात विसंगती पाहण्याचे कारण नाही : पोटासाठी अहित करावे लागते हे तो मान्य करतो, आणि त्याला एक सीमा घालतो.

तरीही एक अवघड गाठ उरते, आणि ती भाताच्या मुळात आहे. खाचरात पाणी साचले की जमिनीतील ऑक्सिजन संपतो, आणि मुळाच्या आतील काही पेशी ठरलेल्या क्रमाने मरतात, त्यांच्या भिंती विरघळू लागतात, आणि त्या जागी पोकळ्या तयार होऊन पानांकडून हवा मुळाच्या टोकापर्यंत पोहोचते. भात चिखलात जगतो तो या पोकळ्यांच्या बळावर. इथे पेशीचे अहित हेच रोपाचे हित आहे. चेष्टा हे शरीराचे लक्षण मानले, तर जिची भिंत ताण ओळखते ती पेशी शरीर ठरते, आणि जिच्यासाठी ती भिंत मोडली जाते ती वनस्पतीही. एका देहात एकच जीव असलेली प्रत्येक वनस्पती आणि एका देहात अनंत जीव असलेली साधारण वनस्पती असा भेद जैन ग्रंथांनी केला होता, त्यामागे याच प्रकारची अडचण दिसते. भाताच्या रोपाच्या बाबतीत हिताचा धनी रोपच मानावा लागतो, कारण कोणती पेशी राखायची आणि कोणती सोडायची हे ज्या संकेतांनी ठरते, ते एका पेशीचे नसून पेशींच्या परस्परसंबंधाचे असतात. आणि असे असेल, तर ज्याच्या हिताहिताची गोष्ट करायची तो धनी कोणत्याही एका भिंतीच्या आत शोधून सापडणार नाही.